डोंगराखाली कुणीतरी असतं

गेल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. वडिलांनी छापलेली येशूच्या सुवार्तेची पत्रकं वाचत मी वाढले. पुढं स्वतःही लिहू लागले, अन्यायाविरुद्ध, ढोंगाविरुद्ध. पण आई मुकी होती त्या चार महिन्यांत मला साधी प्रार्थना जमेना. ज्याच्या नावानं मी इतरांना जाब विचारत होते, तो ऐकतो तरी का, अशी शंका मनात घर करून बसली.

एका दुपारी पडेगावच्या आमच्या घरी वैजापूरकडची एक अनोळखी बाई पत्ता विचारत आली. आईला पाहून चपला काढून ती आत आली, आईचा हात हाती घेऊन म्हणाली, "देवा, या माईला बोलतं कर. नाय केलंस तरी तिच्याजवळ बस." मग शेजारच्या खुर्चीत बसून राहिली. थोड्या वेळानं आई अडखळत म्हणाली, "हिला पाणी दे." बाई पाणी पिऊन गेली, ती पुन्हा दिसली नाही.

मी लगेच या चमत्काराचं पत्रक छापलं. बाई बसली ती खुर्ची कुणाला हलवू देईना. दर रविवारी उपासनेनंतर लोकांना घरी बोलवून वाचा कशी परत आली याची आईला साक्ष द्यायला लावायचे. ती थकून जायची. तिला लासूर स्टेशनला जायचं होतं. तिथं तिची थोरली बहीण, माझी मावशी, अंथरुणाला खिळली होती. मी म्हणायचे, कृपा इथं झाली, इथून हलायचं नाही. वाटेत वाचा पुन्हा गेली तर?

एका रविवारी साक्ष देतादेता आई थांबली. सगळ्यांसमोर एकेक शब्द जुळवत म्हणाली, "प्रभूचं तेज दिसलं तवा त्याच्या शिष्याला, पेत्रालाबी डोंगरावर मंडप बांधायचे होते. प्रभू राहिला व्हय तिथं? खाली एक लेकरू फेफऱ्यानं तडफडत होतं. तुझी मावशी खाली हाय, बाई."

मला आधी राग आला, मग लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मावशी आईला बघून म्हणाली, "आलीस व्हय? मला वाटलं, लेकीनं तुला काचंच्या कपाटात ठेवलं." दोघी हसल्या, मग रडल्या. आईनं धड असलेल्या हातानं तिचे केस विंचरले.

पंधरा दिवसांनी मावशी प्रभूमध्ये झोपी गेली. शेवटपर्यंत आई तिच्याशी बोलत होती. त्यानंतर आईचे शब्द विरळ होत गेले. आता दिवसाकाठी दोन-चार उमटतात. मी ते धरून ठेवायला धडपडत नाही. ज्याचे होते त्यानं दिले, आणि जिच्यासाठी दिले तिच्यापर्यंत ते पोचले. मी वाटेत उभी होते, तरीही पोचले.