मेन स्विच

गंगाखेड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाच्या छतावर मी आणि माझा थोरला भाऊ स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन दुरुस्त करायला चढलो होतो. खाली लग्नाचा स्वयंपाक चालला होता. चढण्याआधी भावानं मेन स्विच बंद केला आणि मालकाला बजावलं, "आमी खाली येईपर्यंत याला हात लावू नका." मालक हो म्हणाला.

भाऊ पात्यांवरची तेलकट काजळी खरवडत होता, तेवढ्यात पंखा फिरला. मी त्याचा हात गमछ्यात गुंडाळला आणि त्याला धरून खाली आणलं. स्विचपाशी मालकच उभा होता.

"आचारी धुरानं खोकायलेत, मी तरी काय करू?" तो म्हणाला. मग रक्ताकडं न बघता विचारलं, "पंख्याला काई झालं न्हाई ना?"

भावाची तीन बोटं गेली. सकाळी तो सदऱ्याच्या गुंड्या लावत बसतो, तेव्हा मी दुसरीकडं बघतो.

आता मी स्विचला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवतो. परवा जिंतूरचा एक हॉटेलवाला चिडला, "आमच्यावर भरवसा न्हाई का?"

"न्हाई," म्हणालो आणि शिडी लावली.