नाना आणि टेलीटेक्स्टची पानं

नानांना कॅन्सर आहे हे नाना सोडून सगळ्या घराला माहीत होतं.

त्यासाठी वेगळा व्हॉट्सॅप ग्रुप होता. 'नाना तब्येत'. त्यात नाना नव्हते. मी होते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

नाना म्हणजे माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ. जळगावला पाइपच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. तरुणपणी मेंदूज्वरात दोन्ही कान गेले. बोलायचे व्यवस्थित, फक्त फार मोठ्यानं. आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळायचं नाही.

कॉलेजसाठी मी धुळ्याहून त्यांच्याकडे राहायला आले. त्या घरात एक वाक्य रोज ऐकू यायचं.
माणसं गप्पा मारतायत, हसतायत. नाना विचारणार, "काय झालं?"
"काही नाही, असंच."

एवढ्या सगळ्या बोलण्यातलं त्यांच्या वाट्याला एवढंच. मीही कितीदा तेच म्हटलंय.

मग त्यांनी कॉम्प्युटरला टीव्हीचं कार्ड बसवून घेतलं. त्यासोबत एक प्रोग्रॅम होता, टेलीटेक्स्टची पानं दाखवणारा. आजच्या मुलांसाठी सांगते: तेव्हा टीव्हीच्या सिग्नलमधून लिहिलेली पानंही यायची. बातम्या, हवामान, गाड्या, स्कोअर. पानाचा नंबर टाकायचा, थांबायचं. काळ्या पडद्यावर पिवळी-हिरवी जाड अक्षरं उमटायची.

नानांना आता कुणाला काही विचारावं लागेना.

मॅच असली की शेजारचे अप्पा आमच्याकडेच. विकेट पडली की बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर सगळे ओरडायचे. नानांच्या पानावर ती जरा उशिरा यायची, मग ते एकटेच ओरडायचे. अप्पा मनगटावरचं घड्याळ दाखवून चिडवायचे.
"लेट आली," नाना म्हणायचे, "पण पूर्ण आली!"

मी सेकंड इयरला असताना धुळ्यात बाबा अचानक गेले.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. फोनवर 'गेले' म्हणत नाहीत. 'तब्येत जास्त आहे, निघा' म्हणतात. ऐकणाऱ्याला आवाजावरून कळतं.

नानांना तेवढंच कागदावर लिहून दिलं.

जीपमध्ये नाना पुढे बसले. मागे मी, काकू, अप्पा. अप्पा मोबाइलवर लाकडांचं विचारत होते, कोण पोचलं, कोण यायचंय. नानांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर.

पारोळ्याला नानांनी गाडी थांबवली आणि मोसंबी घेतली. "दादाला रस चालेल."
अप्पा हळूच म्हणाले, "घेऊ द्या त्यांना."
मी सुटे पैसे काढून दिले.

धुळ्याला घरासमोर तिरडी बांधत होते. नाना पिशवी हातात घेऊन उतरले.

त्यानंतर ते टेलीटेक्स्टची पानं सेव्ह करायला लागले. रोज. हवामान, बातम्या, अगदी गाड्यांच्या वेळासुद्धा. पुढे ती सेवा बंद पडली. तरी जुनी पानं उघडून बसायचे.
"शिळं काय वाचता नाना?" मी एकदा लिहून विचारलं.
"यातलं कुणी काही गाळलेलं नाही."

गेल्या वर्षी रिपोर्ट आला. हॉस्पिटलच्या खोलीत डॉक्टर त्यांच्या मुलाशी, प्रशांतशी, बोलले. नानांनी विचारलं, "काय म्हणाले?"
प्रशांतनं मोबाइलवर टाइप केलं: लिव्हरला सूज आहे, गोळ्यांनी बरं होईल.

आणि मग त्याच खोलीत, त्यांच्या कॉटच्या पायथ्याशी उभं राहून, किती महिने उरलेत याची चर्चा झाली. नेहमीच्या आवाजात.

नाना आळीपाळीनं आमची तोंडं बघत होते.

काकूंनी मला बाजूला घेतलं. "तेस्ले काहीच सांगू नको माय. जेवणच सोडी देतीन."

मी हो म्हटलं होतं. हेही इथे लिहायला हवं.

पुढच्या रविवारी धुळ्याहून परत जळगावला गेले. मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर अजून सुरू व्हायचा. त्या प्रोग्रॅममध्ये उघडेल अशी एक फाइल लिहिली. इंग्रजीत, कारण त्याला देवनागरी येत नव्हती. पान एवढंसं असतं, गोल गोल लिहायला जागाच नसते.

नानांना आणून खुर्चीवर बसवलं.

त्यांनी ते वाचलं. आणि नेहमीसारखं, त्यांच्या त्या आवाजात, एकेक ओळ मराठीत करत वाचलं.

"कॅन्सर आहे. लिव्हरमध्ये पसरलाय. ऑपरेशन होणार नाही. डॉक्टर थोडे महिने म्हणतात. घरात सगळ्यांना माहीत आहे."

स्वयंपाकघरात काकूंचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"सगळ्यांना?"
मी मान हलवली.
"मालूला पण?"
मालू म्हणजे काकू. मी परत मान हलवली.

ते पडद्याकडे वळले. मग त्यांनी पान सेव्ह केलं.

काकूंचं खरं ठरलं. जेवण कमी होत गेलं, मग सुटलं. डॉक्टर म्हणाले होते त्याच्या आधीच नाना गेले. शेवटच्या दिवसांत दार लावून काकूंशी बोलायचे. मोठ्यानं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू यायचं. मी उठून दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसायचे.

तेराव्याला काकू म्हणाल्या, "तू सांगं नसतं ते आजून थोडा दिन काढतात."

असेलही, मी सांगितलं नसतं तर अजून थोडे दिवस मिळालेही असते. मी त्यांच्यासाठी सांगितलं की त्या मोसंबीच्या पिशवीसाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रोजनिशीत दोन्ही बाजू लिहून बघते. कधी एक पटते, कधी दुसरी.

नाना, तुम्हाला सारांश आवडायचा नाही, म्हणून सगळं सांगते.
काकू माझ्याशी बोलत नाहीत.
आज जळगावला तुमचं वर्षश्राद्ध आहे. मला बोलावणं नाही. मी धुळ्यातच आहे.
अप्पांना आता कमी ऐकू येतं.
तुमचा कॉम्प्युटर प्रशांतनं भंगारात दिला. पानं आधी काढून घेतली का, ते त्यानं सांगितलं नाही. "पानांचं काय झालं?" मी विचारलं होतं. "काही नाही, असंच," म्हणाला.

येते नाना. नमस्कार.