दोर इसूफच्या हातात

भीमेवरच्या बांधाच्या कामावर इसूफ आणि हिंदुराव एकमेकांशी कामापुरतंच बोलायचे, आणि तेही तोंड वाकडं करून. हिंदुराव करमाळ्याकडचा पाणबुड्या. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून बांधाच्या पाणी सोडायच्या दारांच्या तळाशी उतरायचं, अडकलेली लाकडं, दगड काढायचे, हे त्याचं काम. इसूफ सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला. मुंबईच्या गोदीत पाणबुड्यांच्या सामानाची दुरुस्ती शिकून आलेला. सिलिंडर भरणं, तोंडात धरायचा रेग्युलेटर खोलून धुणं, त्यातला रबराचा पडदा बदलणं त्याच्याकडं होतं.

वैर रावजीवरून पडलं. रावजी हिंदुरावचा चुलतभाऊ, तोही पाणबुड्या. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो खाली गेला तो मेलाच वर आला. इसूफनं सिलिंडर तपासला, तर रिकामा. आदल्या दिवशीचा, अर्धा वापरलेला सिलिंडर हिंदुरावनंच घाईनं त्याच्या पाठीवर चढवला होता. पण हिंदुराव चारचौघांत म्हणाला, "ह्याच्या मशिनीनं माझा भाऊ खाल्ला." लोकांनी ते खरं धरलं. इसूफनं सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. मनातून मात्र सोडलं नाही.

त्यानंतरही तो हिंदुरावचाच रेग्युलेटर रोज खोलायचा. रबराची कडी चिरली असली तर फेकायचा, वाळूचा कण राहू द्यायचा नाही. घरी बायको कमरबी चिडायची. "कायकू करते उसका काम?"

"मरायचं असलं तर त्यानं आपल्या चुकीनं मरावं," इसूफ म्हणायचा. "माझ्या नावानं न्हाय."

पुढच्या वर्षी, उन्हं चढल्यावर, इसूफ जेवून परत आला तर हवा भरायचा कॉम्प्रेसर जागेवर नव्हता. हिंदुरावनं तो सावलीला म्हणून ओढून पाणी उपसायच्या डिझेल इंजिनाला लागून ठेवला होता, आणि सिलिंडर स्वतःच भरून घेतला होता. इसूफनं तोटी जरा उघडली. हवेला धुराचा वास येत होता.

"ही हवा घिऊ नगस," तो म्हणाला. "इंजिनाचा धूर गेलाय आत. भोवळ यील."

हिंदुराव सिलिंडरचे पट्टे आवळत होता. "रावजीला नव्हतं सांगितलंस ते?"

"रावजीला तू मारलंस."

हिंदुराव त्याच्या पायाशी थुंकला आणि पाण्यात उतरला. त्याच्या कमरेला बांधलेला दोर काठावर येडू धरायचा; त्याच्या हातातून इसूफनं तो काढून घेतला.

थोडा वेळ खालून ठीक असल्याच्या खुणेचे झटके येत राहिले. मग दोर ढिला पडला. इसूफनं एक हिसका दिला. उत्तर आलं नाही.

त्यानं लगेच ओढला नाही. रावजीची आई बजाबाई सगळ्यांसमोर त्याला खुनी म्हणाली होती, ते त्याला आठवलं. आता हिंदुराव मेला असता, तरी सगळ्यांनी सांगितलं असतं की इसूफनं बजावलं होतं. येडू त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"ओढ की," येडू हळू म्हणाला.

मग इसूफनं ओढला. येडूही लागला. हिंदुराव वर आला तेव्हा त्याच्या तोंडातून रेग्युलेटर सुटला होता, अंग लोळागोळा झालं होतं. इसूफनं त्याला पालथा घातला, पाठ दाबत राहिला. बऱ्याच वेळानं तो ओकला, खोकला, आणि डोळे उघडून त्यानं इसूफला ओळखलं.

"तूच कायतरी केलंस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

इसूफ उठला. हात पुसले, आपले पाने, पक्कड पिशवीत भरली आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागला. मुकादमानं हाक मारली, तेव्हा त्यानं वळून बघितलं नाही.

शुक्रवार पेठेत त्यानं स्टोव्ह आणि हवेचे पंप दुरुस्त करायला घेतले. हिंदुराव पुन्हा पाण्यात उतरला की नाही, हे त्यानं कधी विचारलं नाही. येडू एकदा बाजाराला आला होता, तो सांगू लागला तेव्हा इसूफ म्हणाला, "त्याचं नाव हितं नको." मात्र त्या वेळी दोर हातात असताना आपण किती थांबलो, हे येडूनं कुणाला सांगितलंय का, एवढं त्यानं विचारून घेतलं.

"न्हाय," येडू म्हणाला.

इसूफनं मान हलवली आणि स्टोव्हची पिन साफ करायला घेतली.