जाड गाद्यांचे हेडफोन

दिवसभर लिफ्टच्या यंत्रांचा खडखडाट ऐकणाऱ्या माणसाला घरी शांतता हवी असेल, असं कुणालाही वाटेल. लिफ्टवाल्याला मात्र हवा असायचा खेळ. संध्याकाळी हातपाय धुतले की तो कॉम्प्युटरवर ट्रक सुरू करायचा आणि घाटांमधून माल पोहोचवत घर डोक्यावर घ्यायचा. लग्न केलं नव्हतं. व्यसन म्हणाल तर एवढंच.

घर दोन खोल्यांचं. आतली थोरल्या भावाची, बाहेरची याची आणि वडिलांची, म्हणजे अण्णांची. जन्मभर ट्रक चालवलेल्या अण्णांचे डोळे काचबिंदूनं गेले होते. एक कान तर इंजिनानं कधीच खाल्ला होता, दुसराही जेमतेमच.

वहिनी आतल्या खोलीतून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करायची. एक दिवस ती पडदा सारून म्हणाली, "भावोजी, आत्ता एका बाईनं विचारलं, तुम्ही गॅरेजमधून बोलताय का? अशानं माझी नोकरी जाईल हो."

लिफ्टवाला वरमला. त्यातून अण्णांचंही त्याला लागून राहिलं होतं. ट्रक सुरू झाला की म्हातारा भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळायचा. बोलायचा मात्र अवाक्षर नाही. मुकाट्यानं सोसणाऱ्याचं मनाला जास्तच लागतं.

तो हेडफोन घ्यायला गेला. दुकानदारानं दोन प्रकार पुढे केले. एक हलका, जाळीचा. "यात घरातली हाक ऐकू येते, पण आवाज थोडा बाहेर जातो." दुसरा जाड गाद्यांचा. "हा घातलात की जग बुडालं तरी तुम्हाला पत्ता नाही."

लिफ्टवाल्यानं जाड हेडफोन दुकानदाराच्याच डोक्यावर चढवले, आवाज वाढवायला लावला आणि शेजारी कान देऊन उभा राहिला. काही म्हणजे काही ऐकू येईना. दुकानदार मात्र डोळे मिटून वैतागला होता.

"हेच द्या," लिफ्टवाला म्हणाला.

वहिनीचा जीव भांड्यात पडला. अण्णांची झोपमोड नको म्हणून लिफ्टवाला आता चवड्यांवर चालत घरात यायचा. जेवायच्या वेळी अण्णा विचारायचे, "आलास?" हा म्हणायचा, "हो." यात वावगं ते काय वाटणार? पण न विचारता केलेलं भलं असंच असतं.

पुढे एका संध्याकाळी कान घामेजले म्हणून त्यानं हेडफोन उतरवले. वहिनी अण्णांना गोळी देत होती.

"सूनबाई," अण्णा म्हणत होते, "याला हल्ली उशिरापर्यंत राबवतात का गं? पूर्वी ट्रक सुरू झाला की कळायचं, पोरगं घरी आलं. चांगला कान वर करून ऐकत पडायचो. चढ लागला की माझाच पाय दाबला जायचा. आता संध्याकाळ खायला उठते."

वहिनीनं दिराकडे पाहिलं. तो खाटेपासून दोन हातांवर बसला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा," त्यानं जोरात हाक मारली.

म्हातारा दचकला, मग त्याचा चेहरा उजळला. "कधी आलास रे?"

रोजच येत होतो, हे लिफ्टवाल्याच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

"आत्ताच."

"दमला असशील," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडे सरकून त्यांनी खाटेवर जागा केली. "जरा बस माझ्याजवळ."