तळातले मिशाळ मासे

आमच्या ह्यांना झटका आला त्याला वर्ष होत आलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मान डावीकडं कलली होती, ती तशीच राहिली. कॉटवर निजवलं की नजर भिंतीच्या बुडाशी जायची आणि तिथंच पडून राहायची. माणूस आलं-गेलं तरी डोळा हलायचा नाही. म्हणून मुलानं बाल्कनीतली माशांची काचपेटी आत आणली आणि कॉटसमोर एका ठेंगण्या टेबलावर ठेवली.

मासे ह्यांचेच. जन्मभर कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस निवृत्त झाल्यावर माशांच्या नादी लागला. मी म्हणायचे, "खायचे मासे आणा की. बघायचे मासे काय कामाचे?" ते म्हणायचे, "तू खा, मी बघतो."

पेटीत वर लाल-काळे मासे होते, पण तिथवर ह्यांची नजर पोचायची नाही. नजर पोचायची ती तळाच्या वाळूपर्यंत. तिथं सहा मिशाळ मासे होते. बोटाच्या दोन पेरांएवढे, मातकट रंगाचे, तोंडाला मिशा. दिसायला काही नाहीत. दिवसभर वाळूत तोंड खुपसून एका रांगेत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. पेटी आत आणली त्या दिवशी मी नाचणीची आंबील भरवत होते. दोन दिवस ओठ घट्ट मिटलेले. रांग निघाली तशी ह्यांची बुबुळं तिच्यामागं निघाली, आणि जबडा सैल झाला. मी चमचा आत सारला. गिळलं.

तेव्हापासून तसंच. रांग चालू असली की तोंड उघडायचं, रांग थांबली की मिटायचं.

हे एवढं सांगते, कारण नाही तर चार माशांसाठी म्हातारी एवढी का तळमळली असं वाटेल. घरी येणारी सिस्टर पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "तोंडानं पोटात गेलं नाही, तर नाकातनं नळी घालावी लागणार, आज्जी." ह्यांच्या थोरल्या भावाला तशी नळी होती. शेवटी तो ती उपसून काढायचा, म्हणून त्याचे हात कॉटला बांधले होते. त्याला बघून परत येताना रस्त्यात हे मला म्हणाले होते, "माझ्या नाकात नळी घालू देऊ नगंस." मी व्हय म्हटलं होतं.

पेटीचं काम माझ्याकडं आलं. आम्ही आता कळंब्याच्या बाजूला राहतो, पण हे मासे आणायचे ते दुकान शिवाजी पेठेतलं, आमच्या जुन्या बोळाच्या तोंडाशी. दुकानदार पन्नाशीचा, बोलका. त्यानं सांगितलं, "आठवड्याला पाव पाणी बदलायचं. नळाचं पाणी एकदम घालायचं न्हाय, त्यात औषध असतंय. एक दिवस भरून ठेवायचं, मग घालायचं."

मी भरून ठेवलं. घरातल्या सगळ्यात चांगल्या भांड्यात ठेवलं. माझ्या लग्नातली तांब्याची घागर आहे. चाळीस-पन्नास वर्षं हे सकाळी त्यातलंच पाणी प्याले. चिंच आणि मीठ लावून घासायची, विसळायची, पाणी भरून झाकून ठेवायचं. माशांना पाणी घालायच्या आदल्या दिवशी तर मी ती दोनदा घासायची. मुक्या जिवाला घाण पाणी कशाला द्या.

पहिला मासा दुसऱ्या आठवड्यात मेला. सकाळी बघते तर दगडाआड पोट वर करून पडलेला. अंगावर ना जखम, ना डाग. हे जागे व्हायच्या आत चहाच्या गाळणीनं उचलला आणि कुंडीत पुरला. मासाच तो, मरणारच, असं म्हटलं. चार दिवसांनी दुसरा. मग तिसरा. वरचे लाल-काळे मात्र टणटणीत, खायला घातलं की अंगावर आल्यासारखे वर यायचे. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही मरा की रे. तुमचा काय उपयोग हाय?"

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "पाणी खराब झालं असंल. जास्त बदला. एक दिवसाआड बदला." मी एक दिवसाआड बदललं. रोज घागर घासली. हाताच्या भेगांत चिंच झोंबायची. चौथा गेला.

शेजारीण आली, पेटीकडं बघून म्हणाली, "वैनी, वाईट वाटून घेऊ नका. घरावरचं संकट मासे आपल्यावर घेतात म्हणे."

"चार जणांनी घेतलं," मी म्हटलं, "मग हे अजून उठंनात कसे?"

चांगली बाई आहे, पण ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

दोनच मासे राहिले. दोघांची रांग ती काय! एक पुढं जायचा, दुसरा कोपऱ्यात धापा टाकत बसायचा. आधी वाटीभर जाणारी आंबील सहा चमच्यांवर आली. सून रात्री कामावरून आली की पहिलं वाटी बघायची. एकदा म्हणाली, "आत्ती, नळीला लोक एवढं भितात तसं काय नसतं ओ. पोटात तरी जाईल."

"तुझ्या नाकात घालून बघू का आधी?"

"माझ्यावर कशाला चिडता? मी काय मारले काय मासे?"

बरोबर होतं तिचं. दुसऱ्या दिवशी मुलानं नवीन दोन आणून सोडले. ते तिसऱ्या दिवशी गेले, आणि त्यांच्याबरोबर जुन्यातला एक. आता एकच.

दुकानदार म्हणाला, "आज्जी, पेटीतलं पाणी घेऊन या थोडं. तपासून बघू." शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवलं आणि रिक्षानं पेठेत गेले. गिऱ्हाइकं होती, तरी त्यानं मला पुढं घेतलं. मी पिशवीतून तांब्या काढून फळीवर ठेवला. त्यानं पाण्यात बघितलंच नाही. तांब्याकडंच बघत राहिला.

"पाणी ह्यातनं आणलंय?"

"मग काय ओंजळीतनं आणू?"

"घरी पाणी कशात भरून ठेवता?"

"घागरीत."

"कसली घागर?"

मी तांब्यावर बोट ठेवलं. "ह्याचीच. घासून लखलखीत करून ठेवते."

त्यानं कपाळावरनं हात फिरवला. म्हणाला, "आज्जी, तांबं माशाला सोसत न्हाय. तळातल्या ह्या मिशीवाल्यांना तर अजिबात न्हाय. वरच्यांना खवलं असतात, ते काढतात दम."

"माणसं पितात की!"

"माणसं पितात. मासे त्यातच राहतात."

मी विचारलं, ह्यानंच मेले का, नक्की सांग. तो खरं बोलला. "नक्की कसं सांगू? पहिला मेला तेव्हा तुम्ही एकदाच पाणी बदललं होतं म्हणता. एवढ्यानं मरतो का, मला म्हाईत न्हाय. बाकीच्यांचं मात्र..." प्लास्टिकची बादली घ्या म्हणाला, वाळू काढून धुवा म्हणाला. तो तांब्या तिथंच फळीवर राहिला. मी मागं वळून घेतला नाही.

घरी येऊन सांगितल्याप्रमाणं सगळं केलं. पण शेवटचा मासा दुसऱ्या सकाळी गेला, आणि त्या दिवशी मला उठायला उशीर झाला. मी आले तेव्हा हे जागे होते. मासा काचेला लागून, त्यांच्या डोळ्यांच्या अगदी समोर पडला होता. कधीपासून बघत होते कोण जाणे.

मी गाळणी घेऊन तशीच उभी राहिले. मग सांगितलं. "मी मारले. घागरीतलं पाणी घातलं. तुम्हाला देत होते तेच." त्यांना किती कळतं हे डॉक्टरलाही सांगता आलेलं नाही. नजर वाळूवरून हलली नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पूर्वी देत होते.

त्या दिवशी दोन चमचे गेले, तेही अर्धे बाहेर आले. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. संध्याकाळी सिस्टरनं ओठ बघितले, हातावरची कातडी चिमटीत धरून बघितली आणि मुलाला म्हणाली, "उद्या बारापर्यंत नळी घेऊन येते."

मुलगा माझ्याकडं बघत होता. मी वाटी उचलून आत गेले. ह्यांना दिलेला शब्द मला एकटीलाच माहीत होता.

सकाळी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि आंबील केली. पातळ, ताक घालून, ह्यांना आवडते तशी. स्टुलावर बसून चमचा ओठाला लावला. ओठ मिटलेले. नजर रिकाम्या वाळूवर. दहा वेळा लावला असेल. आंबील हनुवटीवरून मानेत गेली. मी पुसली आणि पुन्हा लावला. चमचा निसटून खाली पडला.

तो उचलायला वाकले तर गुडघे धरले नाहीत. पेटीला पाठ लागून जमिनीवरच बसले. माझ्या गुडघ्यांना खाली बसणं पाच-सहा वर्षांपूर्वीच सुटलंय. आता उठायचं कसं, हाच विचार पहिला आला. मग वर बघितलं तर ह्यांचे डोळे माझ्यावर होते. दुसरीकडं जायला त्यांना जागाच नव्हती, मी मधे बसले होते. झटका आल्यापासून त्यांनी माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. राग असेल. असू दे.

चमचा पदराला पुसला, वाटीत बुडवला आणि डावीकडून उजवीकडं हळूहळू नेला, मासे जायचे तसा, खाली, वाळूच्या उंचीवर. बुबुळं मागं निघाली. परत आणला. परत आली. तिसऱ्या खेपेला जबडा सैल झाला. मी चमचा सारला. गळ्याची घाटी हलेपर्यंत थांबले. मग दुसरा. मग पुन्हा इकडून तिकडं.

खांदा भरून आला. नऊ चमचे गेले होते तेव्हा दाराची बेल वाजली. सिस्टर असणार. मला उठता येत नव्हतं. पुन्हा वाजली, मग बाहेरून हाक आली, "आज्जी, दार उघडा की!"

मी ओ दिली नाही. ओ दिली असती तर ह्यांची नजर हलली असती. वाटीत अजून अर्धी आंबील होती.