बर्फाच्या टायरचा मास्तर

दगडूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून, टायरवर तळहात टेकवून, एक-दोन-तीन मोजत होता. म्हटलं, हा कुठला नमुना आला आता. मी पॅट्रिक, वसईचा. आखातातल्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत डिस्पॅच बघतो. कुठली गाडी कुठे थांबली ते स्क्रीनवर बघायचं आणि ड्रायव्हरला फोन करून छळायचं, हा माझा धंदा. चौदा वर्षं करतोय, तेव्हा उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

दगडू संगमेश्वरकडचा. तिकडे घाटातून जांभ्या चिऱ्याच्या गाड्या चालवायचा. पन्नाशीचा, बुटका आणि तुसडा. जेवताना कुणी मीठ मागितलं तरी अंगावर यायचा. पण गाडी चालवावी तर त्यानेच. इथून रुवैसला रिफायनरीच्या कामावर पाईप न्यायचे, सव्वाचारशे किलोमीटर, त्यातलं अर्धं नुसतं वाळवंट.

आता त्या टायरचं सांगतो. युरोपात थंडीत गाड्यांना वेगळे टायर लावतात. बर्फावर पकड राहावी म्हणून त्यांचं रबर मऊ असतं आणि बाजूला डोंगर नि बर्फाची चांदणी असा छाप असतो. तिकडे वापरून झाले की कंटेनर भरभरून इकडे येतात. नवा टायर अकराशे दिरहॅम, म्हणजे पंचवीस हजार रुपये, आणि हा एकशेऐंशीला, म्हणजे चार हजार. आमच्या मॅनेजरने, रामेश्वरने, पहिला सेट दगडूच्या गाडीला लावला, तोही जुलैत. टायर बसवणारा अलीमियाँ बिचारा म्हणाला, "साब, ये बर्फ का माल है, इस गर्मी में नहीं टिकेगा." रामेश्वर म्हणाला, "ट्राय करते हैं. गया तो गया." काय गेलं तर गेलं, टायर की माणूस, ते काही त्याने सांगितलं नाही.

दगडूने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण त्याला हातांची घमेंड. म्हणाला, "टायर कसला का असेना, चालवणाऱ्याच्या ढुंगणाला कळायला हवा." पहाटे निघायचा, म्हणजे डोक्यावर ऊन येण्याआधी बरीचशी वाट सरलेली असे. साठच्या वर काटा नाही. दर पन्नास किलोमीटरला थांबायचं आणि टायरवर हात ठेवायचा. तीन मोजेपर्यंत हात टिकला तर निघायचं, नाही टिकला तर थांबून राहायचं. हवा थंड टायरची मोजायची, गरम टायरची कधी काढायची नाही. अशाने रुवैसला पोचायला साडेआठ तास लागायचे, पण तीन उन्हाळे त्याचा एकही टायर फुटला नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रामेश्वरने ते टायर आणखी बारा गाड्यांना लावले. कुणी कुरकुर केली की त्याचं उत्तर ठरलेलं, "दगडू चालवतो ना? मग?" वर दगडूला ड्रायव्हर लोकांचा क्लास घ्यायला लावला. विषय काय, तर विंटर टायरवर सुरक्षित ड्रायव्हिंग. बाहेर शेहेचाळीस डिग्री, आणि आत हा इस्त्रीचा शर्ट घालून शिकवतोय. हजेरीचा कागद मीच टाईप केला. सगळे त्याला मास्तर म्हणायला लागले आणि गड्याला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

त्या क्लासात किसन होता. किसन म्हणजे दगडूच्या बायकोचा, गिरिजाचा, धाकटा भाऊ. चौतीस वर्षांचा, अबोल. दगडूनेच त्याला इथे आणला होता. त्याच्याही गाडीला तेच टायर लागले. आणि रामेश्वरची अक्कल बघा, दगडूची गाडी दाखवायची म्हणून तिला साडेआठ तास माफ, बाकीच्यांना मात्र साडेसहा. साडेसहा तासांत थांबून हात टेकवणार कधी? म्हणजे शिकवायचं एक आणि करायला लावायचं दुसरंच.

एक दिवस किसन माझ्या केबिनमध्ये, माझ्यादेखत, दगडूला म्हणाला, "भावजी, तुमचा एक फुटू द्या. गाडी रिकामी असताना, मागचा, कडेच्या लेनला. मास्तरचाच फुटला म्हटल्यावर साहेब सगळ्यांचे काढील."

दगडू तडकला. "तीन वर्षं माझा टायर फुटला नाय. तुम्हाला चालवता येत नाय म्हणून मी माझं नाव घालवू?"

किसन खाली मान घालून निघून गेला. तो बरोबर बोलत होता हे मला कळत होतं. मी पुढच्या गाडीला फोन लावला.

ऑगस्टमध्ये, वीसेक दिवसांनी, किसनची गाडी रुवैसच्या ऐंशी किलोमीटर अलीकडे थांबलेली दिसली. दुपारचा एक वाजला होता. इथे उन्हाळ्यात भर दुपारी उन्हातलं काम बंद ठेवायचा कायदा आहे, पण केबिनमध्ये सावली असते म्हणून ड्रायव्हरला तो लागू नाही, असं रामेश्वर म्हणायचा. मी फोन लावला.

"पॅट्रिकभाऊ, पुढच्या टायरवर हात टेकत नाय. अर्धा तास तरी लागेल."

रामेश्वर माझ्या खुर्चीमागेच उभा होता. त्याने मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. मी किसनला म्हणालो, "यल्ला, चल आता. रुवैसला जाऊन काय तो थंड कर." हेच शब्द. तो "बरं" म्हणाला. अकरा मिनिटांनी पुढचा डावा टायर फुटला, गाडी कठड्यावर गेली आणि मागचे पाईप केबिनमधून पुढे आले. किसनचं पुढे काय राहिलं ते मी फोटोत पाहिलंय आणि ते सांगणार नाही. मला त्या शब्दांची रोज शरम वाटते, आणि शरम वाटून उपयोग काही नाही.

रामेश्वरने मीटिंगमध्ये दोन मिनिटं शांतता पाळली आणि मग बोलला, "टायर खराब असते तर दगडूचे फुटले नसते? किसनला ट्रेनिंग दिलेलं होतं. त्याची सही आहे." दगडू समोरच बसला होता.

संध्याकाळी गिरिजाचा फोन आला तेव्हा मी त्याच्या खोलीवर होतो. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना शिकवायचात ना हो? मग माझ्या भावालाच का नाय शिकवलंत?" दगडूने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "उद्याची पाईपची ट्रिप मला दे. पहाटेची नको, अकराची दे."

मला कळलं. आता तो स्वतःचा टायर फोडणार होता. मास्तरचा फुटला की बाकीच्या अकरा गाड्यांचे निघतील. मेला तर मेला. मी नको म्हणायला हवं होतं, पण त्या अकरा जणांची तोंडं डोळ्यांपुढे आली आणि मी ट्रिप दिली.

दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस डिग्री होती. स्क्रीनवर त्याचा काटा नव्वद, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव. हॉल्ट एकही नाही. अबू धाबी मागे पडल्यावर माझा धीर सुटला. फोन लावून म्हणालो, "दगडू, बस झालं. थांब रे बाबा."

"आता थांब म्हणतोस?" तो म्हणाला, आणि फोन बंद केला.

मी खिशातली रोझरी काढली. मागायचं काय तेच कळेना. टायर फुटू दे म्हणू की नको फुटू दे? नुसते मणी ओढत बसलो.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी त्याचा फोन आला. रुवैसच्या गेटवरून.

"नाय फुटला रे," तो म्हणाला. हा तुसडा माणूस हुंदके देत होता. "हवा कमी केली, माल जास्त घेतला, खड्ड्यात घातला. सगळं उलटं केलं. पोराचा फुटला आणि माझा नाय फुटला मेला."

मी काही बोलायच्या आत रामेश्वर मागून वाकला. स्क्रीनकडे बघून त्याने शीळ घातली.

"चार तास पन्नास मिनिटं? तेही विंटर टायरवर? भर दुपारी? प्रिंट काढ याची. उद्यापासून सगळ्यांना साडेपाच तास. मध्ये हॉल्ट नाही."

फोन चालूच होता. दगडूने ते ऐकलं असणार, कारण पलीकडचं रडणं एकदम थांबलं.

मी प्रिंट काढली. सोबत साडेपाच तासांची नोटीस, आणि नोटीसखाली ट्रेनरचं नाव लागतं. ते टाईप केलं, दगडू, आणि नोटीस बोर्डावर लावून आलो.