राबावर दुरुस्त झालेलं प्लगइन
परवा शहापूरहून येताना कुठंतरी भातपेरणीआधीचा राब भाजत होते. शेणा-पाल्याचा तो धूर नाकात शिरला आणि आमच्या मुरबाडच्या शेतावरचा काही वर्षांपूर्वीचा राब आठवला. वेबपानावरचा कोड नीट दाखवणारं एक छोटं प्लगइन मी तेव्हा नुकतंच लिहिलं होतं. ते प्रत्येक ओळीपुढं आकडा टाकायचं, आणि त्या आकड्यांचा मला भारी अभिमान होता. माझंच वेबपान वाचून वहिनी मोबाइलवर प्रोग्रामिंग शिकत होती. त्या दिवशी राब पेटवून, आग पसरू नये म्हणून आम्ही सगळे ओल्या डहाळ्या घेऊन उभे होतो. तेवढ्यात ती काजळल्या तोंडानं माझ्याकडं आली. "भावजी, तुमचा कोड कॉपी केला की आकडे पण सोबत येतात, मग चालतच नाय. रोप उपटल्यावर आपण मुळाची माती झटकतो ना, तसे झटका की ते!" मी आंब्याखाली बसून पिशवीतला लॅपटॉप काढला, दोन-तीन ओळी बदलल्या आणि पान पुन्हा चढवलं. आकडे दिसत राहिले, पण कॉपीत यायचे थांबले. तिनं करून बघितलं आणि अशी ओरडली की पलीकडच्या बांधावरून बाबा डहाळी उगारून धावत आले. "आग कुठं गेली गो?" "आग नाय बाबा, माझा प्रोग्राम चालला!" बाबांनी मोबाइलात डोकावून बघितलं, डहाळी टाकली आणि धापा टाकत खाली बसले. "मग आता पाणी तरी दे." आज ते प्लगइन ओळखपाळख नसलेली माणसंही वापरतात. कुणी छान आहे म्हणून कळवलं की बरं वाटतं. पण तेवढ्या जोरात अजून कुणी ओरडलेलं नाही.